कोट बरोबर उडाला पाहिजे

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मराठीत लिहून राहिलो, कारण ऑफिसात सगळे हिंदीवाले, कोणाला मराठी वाचता येत नाही. घरात बायकोला, प्रियंकाला, येतं, पण तिला वेळ नाही.

रजा मंजूर. पूर्ण महिना. अर्जात कारण लिहिलं, वडिलांची सेवा. बडे बाबू म्हणाले, अश्वजीत जी, आजकल ऐसे बेटे कहाँ. मी मान खाली घातली. खरंच कहाँ.

बाबा सप्टेंबरात बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात हाड जुळलं, आता पाय टाकायला लागले पाहिजे. या महिन्यात चालले तर चालले, नाही तर मग पलंगच धरतील. म्हणून पलंग हॉलमध्ये आणला, बाथरूम जवळ पडतं. माझा कॉम्प्युटर पण हॉलमध्येच आहे. माझी पाठ पलंगाकडे, त्यामुळे काम करता करता बाबांवर लक्ष राहील. प्रियंकानं विचारलं, पाठ करून लक्ष कसं राहील? म्हटलं, कान आहेत ना.

निश्चय: सकाळ-संध्याकाळ बाबांच्या कमरेचा पट्टा धरून त्यांना वॉकरवर चालवणे. मधल्या वेळात माझं स्वतःचं काम. त्याबद्दल उद्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शिसारी. दुसरा शब्द नाही.

दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतला, आतमध्ये एकदम नवं ग्राफिक्स कार्ड. आज त्यावर माझा जुना लाडका गेम लावला. पांढऱ्या केसांचा म्हातारा गुप्तहेर, अंगात घोट्यापर्यंत कोट, पडकी गिरणी, पायाखाली कागदच कागद. तरुणपणी हा गेम लावला की तो कोट असा उडायचा की खुर्चीत बसून मला थंडी वाजायची. आज? कोट नाही, टिनाचा पत्रा. म्हातारा खाली वाकला की कोट मांडीतून आरपार. काच फुटते आणि तुकडे हवेतच गायब. मेलेल्या गुंडाचा हात भिंतीत अडकून नुसता थरथर थरथर. पाणी म्हणजे ताणलेली प्लॅस्टिकची पन्नी. जेवण गेलं नाही.

शोध घेतला. एक काळ असा होता, की गेममध्ये काच कशी फुटावी, कापड कसं पडावं, धूर कुठे जावा, याचा हिशेब करायला वेगळं कार्ड मिळायचं. नुसतं फिजिक्सचं कार्ड. लोकांनी घेतलं नाही. (लोक!) मग ते काम ग्राफिक्स कार्डावर ढकललं. आणि आता नव्या कार्डांतून जुन्या गेमांपुरता त्याचा सपोर्टच काढून टाकला. कोणी हूं की चूं केलं नाही. कापड कसंही पडलं तरी या लोकांना चालतं.

मला चालत नाही. यूट्यूबवर माझा ‘फिजिक्स दरबार’ आहे. त्यात मी गेमांना शिक्षा सुनावतो. बघणारे कमी आहेत, पण जाणकार आहेत.

निश्चय: वेगळं फिजिक्स कार्ड मिळवायचं आणि जगाला दाखवायचं.

बाबांचा सकाळचा व्यायाम राहिला. संध्याकाळी डबल करू.

रात्री जेवताना कळलं. संध्याकाळचा प्रियंकानं ऑफिसहून आल्यावर करून घेतला. मला सांगितलंच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फिजिओथेरपीवाल्या स्वानंदी मॅडम आल्या. वय लहान, आवाज मोठा. बाबांना म्हणाल्या, बाबूजी, पहले एड़ी, फिर पंजा. बाबा दोन पावलं टाकून बसले. मॅडम मला म्हणाल्या, भैया, आप रोज करवा रहे हैं ना? म्हटलं, हो, माझं तर त्यावरच काम चालू आहे. वजन, तोल, घर्षण. खोटं नाही.

मॅडम गेल्यावर बाबांना कमोडच्या खुर्चीवर बसवायची वेळ आली. मला वासाचा त्रास आहे, लहानपणापासून. म्हणजे ॲलर्जीच. प्रियंका ऑफिसात. बाबा म्हणाले, राहू दे, थांबतो मी. थांबले. समजूतदार माणूस. चाळीस वर्षं फॅक्टरीत काढली, शिस्त आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

गोहलपूरच्या जुन्या बाजारात गेलो. गल्लीभर जुने कॉम्प्युटर उघडे करून टाकलेले, पायाखाली तारा, नाकात जळलेल्या प्लॅस्टिकचा वास, एका माणसानं माझ्या बुटाशेजारीच पिचकारी मारली. ओकारी येत होती, पण शास्त्रासाठी सहन केलं.

एका दुकानदाराला विचारलं, भैया, फिजिक्स का कार्ड है? त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, है ना सर, आपके लिए ही रखा था. आतून एक हिरवं कार्ड आणलं. अगदी छोटं. एका टोकाला टीव्हीच्या केबलीला असते तशी गोल पिन. विचारलं, ये किसलिए? म्हणाला, एक्स्ट्रा फिजिक्स के लिए. वर एक रिमोट पण दिला. फिजिक्सला रिमोट! जुन्या लोकांनी किती पुढचा विचार केला होता.

घरी आलो तर बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, पाय खाली सोडून. म्हणाले, कुठं गेला होता बे? सांगितलं, फिजिक्ससाठी. त्यांना फिजिओ ऐकू गेलं. म्हणाले, मॅडम तर मंगळवारी येणार आहे ना. समजावत बसलो नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बसवलं! लहान खाचेत कट्कन बसलं. कॉम्प्युटरनं ‘मल्टीमीडिया डिव्हाइस’ म्हणून ओळखलं. फिजिक्स म्हणजे मल्टीमीडियाच की.

गेम लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. कोट उडून राहिला! एकदम जुन्यासारखा नाही, पण उडण्याची इच्छा दिसते. काचेचे तुकडे जरा जास्त वेळ राहतात. थरथरणारा हातसुद्धा आता वेदनेनं थरथरतो आहे असं वाटतं. प्रियंकाला बोलावून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, काल पण असंच होतं ना? हे दिसायला नजर लागते, ती सगळ्यांना नसते.

व्हिडिओ टाकला: ‘मिल गया असली फिजिक्स’.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी वाटलं, रिमोट वापरून पाहू. गेम चालू असताना लाल बटन दाबलं. स्क्रीनभर बर्फाचं वादळ! पांढरे-काळे कण, लाखो, प्रत्येक कण वेगळा हलून राहिला, सोबत सूंऽऽ असा वारा. मी उभा राहिलो. गिरणीत बर्फ! असा realism मी आयुष्यात पाहिला नव्हता. बाबांना ओरडून म्हटलं, बघा बाबा!

बाबा पलंगावरून म्हणाले, “केबल गेली वाटते.”

मग मधोमध एक चौकट आली. चॅनल शोधू का?

पुढे लिहवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

टीव्ही बघायचं कार्ड होतं. कॉम्प्युटरवर टीव्ही दिसावा म्हणून पूर्वी लावायचे ते.

गोहलपूरला परत गेलो. दुकानदार म्हणाला, सर, टीव्ही में भी तो फिजिक्स ही है. परत घेतलं नाही. रिमोट मात्र ठेवून घेतला, म्हणाला दुसऱ्या गिऱ्हाईकाला लागतो.

दरबारातला व्हिडिओ काढून टाकला. खाली एकानं लिहिलं होतं, भाई ये तो टीव्ही ट्यूनर है. त्याला माझ्या चॅनलवर बंदी घातली.

माणसांची किळस आली आहे. सर्वांची. बाबांचा व्यायाम या मनःस्थितीत करून घेणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. उद्यापासून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवा मार्ग सापडला. खास फिजिक्सचं कार्ड आता मिळणारच नाही, मिळालं तरी चालणार नाही. पण जुनं ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या खाचेत बसवायचं आणि त्याला हुकूम द्यायचा, की तू फक्त फिजिक्स बघ. चित्राचं काम नव्याकडे, कापडाचं जुन्याकडे. परदेशात लोक हेच करून राहिले.

असं कार्ड भाऊरावांकडे असणार. बाबांच्या फॅक्टरीतल्या मित्राचा मुलगा, कुंडम गावात सायबर कॅफे चालवायचा. कॅफे बंद झाला, आता तिथं मोबाइल रिचार्ज आणि कोंबड्यांचं खाद्य. फोन केला. जय भीम झाल्यावर म्हणाले, कॉम्प्युटरचे डबे पडले आहेत मागच्या खोलीत, येऊन बघा, काय निघेल सांगता येत नाही.

सोमवारी जाणार. सोमवारी बाबांना हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं आहे, पण डॉक्टर दर महिन्याला असतात. भाऊरावांचा काय भरवसा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कुंडम. बसमध्ये शेजारी एक बाई पिशवीत जिवंत कोंबडा घेऊन. त्यानं सगळा रस्ता माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. वळणावर पिशवी माझ्या मांडीवर घसरली, कोंबडा दुसऱ्या बाजूला कलला, आणि मग झालं ते झालं. पँट.

भाऊरावांच्या मागच्या खोलीत उंदरांचा वास. डबे एकावर एक. तिसऱ्या डब्यात सापडलं! लांब, काळं, दोन पंखे. एका पंख्यात पालीची अंडी, फुटून वाळलेली. भाऊराव त्याचे पैसे घेत नव्हते. म्हणाले, डोमाजी काका कसे आहेत? पाय टाकतात का? माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आम्हांला वाटलं आराम करू द्यावा. मग उठलेच नाहीत. चहा प्या.

चहात दूध कमी होतं. कार्ड हातात आल्यावर माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं, तरी म्हटलं, आमचे बाबा एकदम मस्त आहेत. माझी रजाच त्यासाठी आहे.

संध्याकाळी घरी. प्रियंकानं हाफ डे टाकून मामाजींना (बाबांना ती मामाजी म्हणते) रिक्षानं दवाखान्यात नेलं आणलं. म्हणाली, डॉक्टर म्हणतात पायात जोर कमी वाटतो, रोज चालवा. माझ्याकडे पाहून म्हणाली नाही, भिंतीकडे पाहून म्हणाली. तिचं असंच असतं, दमली की भिंतीशी बोलते. मी पँट धुवायला टाकली आणि कार्ड दाखवलं. तिनं पँट आणि कार्ड, दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर कार्ड साफ केलं. जुन्या टूथब्रशनं. आतून निघालं: केस, भुसा, झुरळाचे पाय (झुरळ नाही, नुसते पाय), काहीतरी चिकट. दोनदा उठून बाहेर जावं लागलं. पण केलं. माणसाला एखाद्या गोष्टीची खरी तळमळ असली की वासबीस काही वाटत नाही.

दुपारी बाबांचं भांडं रिकामं करायचं होतं. ॲलर्जी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बसलं. चालू झालं. कंट्रोल पॅनलमध्ये हुकूम दिला, फिजिक्स याच्याकडे. मान्य झालं!

आवाज मात्र फार. दोन्ही पंखे घर्रर्र करतात आणि मधूनमधून खट्खट्. बाबा उठून बसले. म्हणाले, “काहून बे, घरात आटाचक्की बसवली का?” म्हटलं, बाबा, हा फिजिक्सचा आवाज आहे. म्हणाले, “मले तर बेअरिंग गेल्याचा वाटते.” फॅक्टरीची सवय. प्रत्येक गोष्टीत बेअरिंग.

पण कोट! आता काही शंका नाही. प्रियंकाला बोलावलं नाही, मुद्दाम. मी एकटाच पाहत बसलो. म्हातारा गुप्तहेर जिन्यावरून उतरतो आणि कोट त्याच्या मागून उतरतो, अर्धा क्षण उशिरा. कागदावर पाय पडला की कागद सरकतो. पुढचे दोन तास मी त्याला नुसता जिना चढायला-उतरायला लावला. एकही गुंड मारला नाही.

हे घरात बसून एकट्यानं बघण्याचं काम नाही. जाहीर कार्यक्रम हवा.

२३ नोव्हेंबर, रविवार

घोषणा: येत्या रविवारी, ३० तारखेला, दरबार लाइव्ह. ‘फिजिक्स की वापसी’.

जेवताना सगळ्यांना नियम सांगितले. लाइव्ह चालू असताना कोणी हाक मारायची नाही. कुकर लावायचा नाही. पाणी, भांडं, औषध, जे काय असेल ते आधी किंवा नंतर. प्रियंका म्हणाली, मामाजींना मधेच काही लागलं तर? मी म्हटलं, एक दिवस. फक्त एक दिवस मागून राहिलो मी. बाबा म्हणाले, “बरं बाबू. नाही बोलणार.” बाबा नेहमी माझ्या बाजूनं असतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तयारी जोरात. कॅमेरा मॉनिटरवर लावला. माझा चेहरा येतो, मागे हॉल, बाबांचा पलंग, स्वयंपाकघराचं दार. पलंग जरा घरगुती दिसतो. हलवू का विचारलं तर प्रियंका आत निघून गेली. राहू दे.

घरात शिस्त ढिली झाली आहे. वॉकर दोन दिवस कोपऱ्यात उभा, वर टॉवेल वाळत घातलेला. आजारी माणसाचा हाच त्रास, कंटाळा आला की उपकरण वापरायचंच सोडून देतात. बाबांना बोललो. त्यांनी हूं केलं.

दुपारी त्यांच्या उशाशी पाण्याचा ग्लास भरलेला दिसला. थंड, मडक्यातला. प्रियंका ऑफिसात. मीच दिला असेन. कामात असलो की हात आपोआप सेवा करतात, लक्षात पण राहत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वानंदी मॅडम फार खूश होत्या, काहून कोण जाणे. बाबूजी ने कमाल कर दिया, म्हणाल्या. मी गेममधल्या म्हाताऱ्याच्या चालीबद्दल त्यांना सांगत होतो, की पाहा, टाच टेकताना गुडघा कसा जरा दबतो, कोटाचा घेर कसा मागे राहतो. त्या म्हणाल्या, भैया, आप इधर देखिए ना ज़रा. मी म्हटलं, एक मिनिट, सेव्ह करतो. सेव्ह होईपर्यंत त्यांची वेळ संपली. आजकालच्या मुलांना थांबायची सवय नाही.

प्रियंका आणि बाबा आपसांत काहीतरी बोलतात आणि मी आलो की गप्प होतात. रविवारचं सरप्राइज असेल. हार वगैरे.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

इतिहास घडला. सविस्तर लिहितो.

बरोबर वेळेवर लाइव्ह सुरू केलं. सुरुवातीला नेहमीची तीन-चार माणसं. मी आधी भूमिका मांडली: वेगळ्या हार्डवेअरचा जन्म, लोकांची कृतघ्नता, कंपन्यांचं षड्यंत्र. मग गेम लावला. म्हातारा गुप्तहेर, गिरणी, जिना. पंखे घर्रर्र करत होते, पण मी मोठ्यानं बोललो.

आणि मग कमेंट यायला लागल्या! एका पाठोपाठ. बघणाऱ्यांचा आकडा वर, अजून वर. लोकांनी आपापल्या मित्रांना बोलावलं. इतक्या वर्षांत मी एवढी माणसं दरबारात पाहिली नव्हती. उतरवून ठेवतो:

‘अंकल की चाल देखो यार.’

‘एकदम रियल. रोना आ गया.’

‘एक एक कदम. वाह अंकल जी.’

मी म्हटलं, बघितलं? म्हाताऱ्याच्या चालीतलं फिजिक्स जनतेला कळतं! समजावलं, की या दुसऱ्या कार्डामुळेच पावलाचं वजन जमिनीवर बरोबर पडून राहिलं.

एकानं लिहिलं, ‘पीछे देखो भाई.’ मग बऱ्याच जणांनी तेच. मी लगेच गुप्तहेराला मागे वळवलं. मागे कोणीच नव्हतं, रिकामी गिरणी. उगाच घाबरवतात. तरी एकदा पूर्ण गोल फिरवून दाखवलं. कोटाचा घेर अप्रतिम आला.

एकानं लिहिलं, ‘भाई उनको सपोर्ट दो.’ हा खरा अभ्यासू. त्याच्यासाठी सपोर्टचा सगळा विषय सविस्तर घेतला, नव्या कार्डांतून तो काढला कधी, काहून काढला, परत मिळवायचा कसा. त्यावर ‘अबे तू सपोर्ट दे’ असं आलं. म्हटलं, देतोच आहे मित्रा, म्हणून तर दोन कार्डं लावली.

मधे मागून भांड्याचा आवाज आला. मी न वळता हात वर करून चूप राहायची खूण केली. नियम म्हणजे नियम. लगेच शांतता.

शेवटी टाळ्यांची चित्रं, हृदयांची चित्रं, हात जोडल्याची चित्रं. एक बाई लिहिते, ‘मेरे पापा भी ऐसे ही चले थे. जीते रहिए अंकल.’ एका गेमनं लोकांच्या मनाला इतकं शिवावं! हे चांगल्या फिजिक्सचं बळ.

बंद करून वळलो. बाबा पलंगावर पडलेले, दमल्यासारखे, हातात चहाचा कप. प्रियंकाचे डोळे लाल. मी म्हटलं, बघितलंस? रडलीस ना? म्हणाली, हो.

चहा कोणी केला कोण जाणे. मला मिळाला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

रेकॉर्डिंग पाहिलं. कुठले भाग कापून छोटे व्हिडिओ करायचे ते ठरवायला.

समोर मी. तोंड चालू. मागे पलंग. थोड्या वेळानं बाबा उठून बसतात. माझ्या पाठीकडे बघतात. तोंड उघडतात, मग मिटतात. नियम. ग्लास हातात घेऊन पाहतात, रिकामा.

मग उभे राहतात. वॉकर नाही, काठी नाही. पलंगाच्या कठड्यावरचा एक हात सोडतात. मग दुसरा.

मी कंपन्यांच्या षड्यंत्राबद्दल बोलून राहिलो.

बाबा चालतात. आधी टाच, मग पंजा. डाव्या पायावर वजन आलं की खांदा जरा खाली जातो. पायजम्याचा घोळ पायाच्या मागून येतो, अर्धा क्षण उशिरा. भिंतीजवळ आले की हात भिंतीकडे जातो, लावत नाहीत, नुसता जवळ ठेवतात. हॉल पार करून स्वयंपाकघराच्या दारातून आत. दिसेनासे होतात. माझ्या चेहऱ्यावर फार समाधान आहे, मी कोटाचा घेर दाखवत आहे.

मग भांड्याचा आवाज, आणि माझा तो हात वर जातो.

आवाज ऐकून प्रियंका स्वयंपाकघराच्या दारात येते. बाबांना गॅसपाशी पाहून ओरडणार असते, तर तोंडावर हात ठेवते. बाबा एका हातात कप घेऊन परत येतात. चहा त्यांनीच ठेवला होता. ती बाजूला होते आणि त्यांना धरत नाही. हात पुढे करून, न धरता, मागे मागे चालते. बाबा मधे थांबतात. माझ्या खुर्चीच्या अगदी मागे. कप जरा पुढे करतात, मला द्यावा तसा. मी म्हणत आहे, दोस्तों, सपोर्ट का मतलब समझिए.

बाबा थोडा वेळ तसेच उभे राहतात. मग पलंगावर जाऊन बसतात आणि चहा स्वतःच पितात.

हे सगळं त्या आकड्यांनी पाहिलं. शेकडो लोकांनी.

एक तांत्रिक मुद्दा: नंतर कॉम्प्युटरमधल्या नोंदी पाहिल्या, तर दुसरं कार्ड लाइव्ह सुरू होतानाच गरम होऊन बंद पडलं होतं. पंखे नुसते फिरत होते. कोट टिनाचाच होता.

२ डिसेंबर, मंगळवार

प्रियंकाला विचारलं, बाबा कधीपासून चालतात? म्हणाली, आठवडा झाला असेल. सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर. दुपारी आपले आपण करायचे. तुम्ही हॉलमध्येच असायचे.

सांगितलं काहून नाही? तर म्हणाली, “मामाजी म्हणाले, त्याले स्वतः दिसू दे.”

विचार केला. तसं पाहिलं तर नियम मी केला. हाक मारायची सोय असती तर ते उठले असते का? म्हणजे एका अर्थी त्यांना मीच चालवलं. हे प्रियंकाला सांगायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती पोळ्या लाटत होती. परत आलो.

३ डिसेंबर, बुधवार

रजा संपली, ऑफिसला गेलो. बडे बाबूंनी मोबाइलवर व्हिडिओ उघडून सगळ्यांना दाखवला. पिताजी को प्रणाम कहना, म्हणाले. मग आवाज खाली करून, तो समोरचा माणूस सारखा मधे येतो म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं तो कोण.

दरबाराला नवे बघणारे पुष्कळ मिळाले. सगळे एकच विचारतात, अंकल कैसे हैं, अगला वीडियो कब. कोटाबद्दल कोणी विचारत नाही.

कार्ड काढून ठेवलं. घरात खूप शांत वाटतं. असं शांत असतं हे विसरलो होतो.

संध्याकाळी खुर्ची उलटी केली, तोंड पलंगाकडे. बाबा पेपर वाचत होते. थोडा वेळ बसलो. मग म्हटलं, बाबा, जरा दारापर्यंत चालून दाखवा ना. मी नीट पाहिलं नाही त्या दिवशी.

बाबांनी पेपर खाली केला नाही. म्हणाले, “आता पाय दुखून राहिले. व्हिडिओ पाहून घे ना. तुह्याच चॅनलवर आहे.”

पाहिला. आवाज बंद करून पाहिला, कारण सगळीकडे मीच बोलून राहिलो आहे.